नर-मादीची जनुकं मोजण्याआधी नळीत काय होतं ते पाहा : शिस्टोसोमावर काम सुरू करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मुलं येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुतेक वेळा नर-मादीत कमी-जास्त चालणाऱ्या जनुकांची एक लांबलचक यादी असते. "मॅडम, नर आणि मादीत एवढी जनुकं वेगळी आली." यादी बघण्याआधी मी एकच विचारते : मादी जोडीतली होती की एकटी? आणि किती दिवसांची? उत्तर आलं नाही, तर यादी बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं. त्या पहिल्यापासून बसण्यात जे सांगते, तेच इथे क्रमानं लिहिते आहे. परजीवी जंत पुष्कळ आहेत, पण नर-मादीतला फरक वाढीच्या टप्प्यांबरोबर कसा घडत जातो हे शिकायला शिस्टोसोमा मॅन्सोनी या रक्तातल्या पर्णकृमीइतका चांगला गुरू मला दुसरा दिसत नाही. डेटा मोफत मिळतो आणि पहिली फेरी साध्या लॅपटॉपवर होते.

आधी जनावर ओळखा

पर्णकृमी म्हटले की बहुतेक उभयलिंगी, म्हणजे एकाच देहात वृषण आणि अंडाशय दोन्ही. शिस्टोसोमा त्याला अपवाद आहे. इथे नर वेगळा, मादी वेगळी. नर रुंद, त्याच्या पोटाच्या बाजूला लांबलचक पन्हळ असते, आणि बारीक दोऱ्यासारखी मादी त्या पन्हळीत राहते. हा कृमी १८५१ साली कैरोमध्ये थिओडोर बिल्हार्झ यांना शवविच्छेदनात सापडला (त्यांना सापडलेली जात हिमॅटोबियम, आपली मॅन्सोनी तिची सख्खी बहीण). आपल्याकडेही याचं नाव अगदीच परकं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांना होणाऱ्या शिस्टोसोमाच्या लागणीची नोंद गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ साली केली होती. तरी हा आजार प्रामुख्यानं आफ्रिकेचा. २०२१ साली जगभरात २५ कोटींहून जास्त लोकांना त्यावरच्या प्रतिबंधक औषधाची गरज होती, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

लिंग ठरतं ते फलनाच्या क्षणी. मादीत झेड आणि डब्ल्यू ही दोन गुणसूत्रं, नरात दोन्ही झेड. म्हणजे आपल्या उलट, कोंबड्यांसारखं. अंड्यातून मिरासिडियम नावाची अळी निघते, ती गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत शिरते आणि तिथे स्वतःच्या प्रती काढत राहते. एका मिरासिडियमपासून हजारो सर्केरिया तयार होतात, त्या सगळ्या एकाच लिंगाच्या. सर्केरिया म्हणजे दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या. त्या कातडीतून आत शिरतात, शेपटी टाकून देतात, फुप्फुसांतून यकृताकडच्या शिरेत पोहोचतात आणि तिथे मोठ्या होतात. उंदरात साधारण चौथ्या आठवड्याच्या सुमाराला जोड्या जमू लागतात आणि पाचव्या आठवड्यात अंडी सुरू होतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नर भेटला नाही तर मादी वयात येत नाही. ती जिवंत राहते, पण खुरटलेली : अंडाशय अपक्व, पीतकग्रंथी (अंड्याला पोषण आणि कवचाचा माल पुरवणाऱ्या ग्रंथी) जवळजवळ नाहीतच. जोडी जमली की काही दिवसांत तिचं शरीर पालटतं, आणि जोडी मोडली की मागे फिरतं. रोग होतो तो अंड्यांमुळे. यकृतात आणि आतड्यात अडकलेल्या अंड्यांभोवती सूज येते, गाठी होतात. त्यामुळे "मादी वयात कशी येते" हा प्रश्न आजाराच्या मुळाशी जातो. आज हाताशी असलेलं मुख्य औषध प्राझिक्वांटेल. ते कोवळ्या कृमींवर नीट चालत नाही आणि पुन्हा होणारी लागणही थांबवत नाही. या विषयात मी इतकी वर्षं रमले, ती याच कारणासाठी.

प्रश्न एका वाक्यात लिहा

वहीत, हातानं. "नर आणि मादीत कोणती जनुकं वेगळी चालतात" हे वाक्य पुरेसं नाही, कारण त्यात वेळ नाही आणि जोडी नाही. ही वाक्यं बघा :

सर्केरिया अवस्थेत, दोघं दिसायला सारखेच असताना, कोणती जनुकं आधीच वेगळी झालेली असतात?

एकट्या मादीत नसलेलं आणि जोडीतल्या मादीत आलेलं काय?

जोडी जमल्यावर नरात काय बदलतं?

तिन्हींना वेगवेगळे नमुने लागतात. एकाच तुलनेतून तिन्हींची उत्तरं काढायला गेलात, तर तिन्ही चुकतील. नवख्यांनी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. तिथे फरक इतका ठळक असतो की आपलं काही चुकलं तर लगेच कळतं.

डेटा निवडा, आणि नळीत काय होतं ते शोधा

या पायरीला घाई करू नका. माझा अर्धा वेळ इथेच जातो, आणि जावा.

सुरुवात वर्मबेस पॅरासाइट या संकेतस्थळावरून करा. जंतांचे जीनोम, जनुकांच्या नोंदी आणि बऱ्याच आरएनए-सेक (आरएनए वाचून कोणतं जनुक किती चालतं ते मोजणाऱ्या) अभ्यासांची तयार मोजणी तिथे उतरवून घेता येते. कच्च्या फायली युरोपच्या ईएनए किंवा अमेरिकेच्या एसआरए या संग्रहांत असतात. दोन अभ्यास मुद्दाम शोधा. २०१६ साली पिकार आणि सहकाऱ्यांनी सर्केरियापासून प्रौढापर्यंतच्या पाच टप्प्यांवर नर आणि मादी वेगळे मोजले. त्याच वर्षी लू, जर्मनीतल्या गीसेनचे ग्रेव्हेल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडीतले आणि एकटे असे दोन्ही लिंगांचे प्रौढ घेतले, शिवाय त्यांचे अंडाशय आणि वृषण वेगळे काढून मोजले. एक अभ्यास काळाचा, दुसरा जोडीचा. दोन्ही नीट वाचल्यावर हा विषय अर्धा समजतो.

आता एक तक्ता करा. प्रत्येक नमुन्याची एक ओळ, आणि रकाने : टप्पा, लिंग, जोडीत की एकटा, यजमान प्राणी, किती कृमी एकत्र केले, नमुना कोणत्या दिवशी आणि कोणत्या फेरीत वाचला गेला (म्हणजे त्यातल्या आरएनएचा अनुक्रम यंत्रावर काढला गेला). माहिती मिळाली नाही तर रकाना रिकामा सोडा, अंदाजानं भरू नका. तक्ता भरताना चार गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा.

पहिली, लिंग कसं ठरवलं. प्रौढ नर-मादी डोळ्यांनी ओळखू येतात. सर्केरिया येत नाहीत. त्यांच्यासाठी गोगलगायीत एकच मिरासिडियम सोडतात आणि निघालेल्या काही अळ्यांची पीसीआर करून डब्ल्यूवरचे मादीपुरते अनुक्रम तपासतात. हे केल्याचा उल्लेख नसेल, तर तो नमुना मिश्र आहे असं समजून चाला.

दुसरी गोष्ट पहिलीतूनच येते आणि ती फार जण विसरतात. एका मिरासिडियमपासून आलेले सगळे कृमी एकमेकांच्या प्रती असतात. नर एका मिरासिडियमचे, मादी दुसऱ्याची, आणि दोघांची तुलना केली, तर दिसणारा फरक लिंगाचा की त्या दोन वंशांचा? सांगता येत नाही. प्रत्येक लिंगाचे निरनिराळ्या मिरासिडियमपासून आलेले निदान तीन गट असले, तरच तुलनेला अर्थ आहे. एकाच उंदरातले कृमी तीन नळ्यांत वाटले, तर ती एकाच नमुन्याची तीन वेळा केलेली मोजणी झाली. त्यांना तीन नमुने म्हणू नका.

तिसरी, मादीच्या पोटात काय होतं. जोडीतल्या मादीत अंडं असतं, अंड्यात फलित पेशी असते, आणि नराकडून आलेले शुक्राणूही तिच्या शरीरात असतात. त्यामुळे "मादीत आढळलेलं" जनुक खरं तर गर्भाचं किंवा शुक्राणूचंही असू शकतं. शिवाय कृमी रक्त खातात, तेव्हा उंदराचे आरएनएही थोडेफार येणारच.

चौथी, फेरी. सगळे नर एका दिवशी आणि सगळ्या माद्या दुसऱ्या दिवशी वाचल्या असतील, तर दिवसाचा फरक आणि लिंगाचा फरक कायमचे एकात एक मिसळलेले असतात. कोणतंही सॉफ्टवेअर ते सोडवू शकत नाही. असा डेटा सोडून द्या, कितीही आवडला तरी.

मोजणी

हा भाग लोकांना अवघड वाटतो, पण खरं तर सगळ्यात सरळ हाच आहे. फास्टक्यूसीनं फायलींचा दर्जा बघा, फास्टपीनं खराब टोकं छाटा, आणि सॅल्मन वापरून प्रत्येक जनुकाचे रीड (यंत्रानं वाचलेले अनुक्रमाचे छोटे तुकडे) मोजा. कमांड लिहिण्याची सवय नसेल तर गॅलक्सी या मोफत व्यासपीठावर हीच कामं बटणं दाबून होतात.

दोन सावधगिऱ्या. मॅन्सोनीच्या जीनोमचा पहिला मसुदा २००९ साली आला आणि त्यानंतर तो अनेकदा सुधारला गेला. जुन्या शोधनिबंधातले 'एसएमपी'ने सुरू होणारे काही क्रमांक आज दुसऱ्यात विलीन झालेत किंवा रद्द झालेत, म्हणून कोणती आवृत्ती वापरली ते वहीत लिहा आणि मधेच बदलू नका. आणि प्रत्येक नमुन्यातले किती टक्के रीड जुळले ते बघा. एखाद्याच नमुन्यात हा आकडा घसरला असेल, तर उरलेले रीड उंदराच्या जीनोमशी जुळवून पाहा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

चित्र काढा, आणि लिंग पुन्हा पडताळा

यादी काढण्याआधी सगळ्या नमुन्यांचं पीसीए चित्र काढा, म्हणजे सारखे नमुने जवळ आणि वेगळे नमुने लांब दिसतील. वेगवेगळे टप्पे असतील तर पहिल्या अक्षावर बहुधा टप्पेच वेगळे होतात, कारण सर्केरिया आणि प्रौढ यांच्यातला फरक कोवळ्या नर-मादीतल्या फरकापेक्षा फार मोठा असतो. म्हणून घाबरू नका. प्रौढांचं वेगळं चित्र काढा. तिथे जोडीतली मादी एकीकडे दूर गेलेली दिसेल, आणि एकटी मादी तिच्यापासून बरीच लांब. ते चित्र पहिल्यांदा स्वतः काढलं की शरीर पालटणं म्हणजे काय ते मनात बसतं. नरांमध्ये जोडीतला आणि एकटा यांच्यातलं अंतर बरंच कमी असतं.

मग ओळखीच्या खुणा तपासा. डब्ल्यूवरचे मादीपुरते अनुक्रम नराच्या नमुन्यात दिसता कामा नयेत. पी-१४ हे अंड्याच्या कवचाचं जनुक पक्व मादीत उफाळलेलं आणि एकट्या मादीत अगदी मंद असायला हवं. एका नर नमुन्यात आम्हाला पी-१४ चांगलंच वर दिसलं होतं. जोडी सोडवताना मादीचे तुकडे पन्हळीत अडकून राहिले असावेत असं आम्ही धरलं आणि तो नमुना वगळला. वगळल्याची ओळ अहवालात लिहिली. तुम्हीही लिहा. गुपचूप वगळलेला नमुना पुढच्या माणसाची वर्षं खातो.

मॉडेल : इथे काळ आणि लिंग एकत्र येतात

गटांतला फरक तपासायला डीईसेक-टू किंवा एजआर ही सॉफ्टवेअरं, दोन्ही चांगली. मी डीईसेक-टू शिकवते. त्याला टीपीएम (नमुन्यातल्या एकूण रीडच्या प्रमाणात बसवलेले आकडे) देऊ नका, मोजलेले मूळ आकडेच द्या.

नवखे प्रत्येक टप्प्यावर नर विरुद्ध मादी अशी वेगळी तुलना करतात आणि मग याद्या शेजारी ठेवून "हे जनुक इथे आलं, तिथे नाही" असं म्हणतात. ही पद्धत फसवते. एका टप्प्यावर जनुक उंबरठ्याच्या जरा वर आणि दुसऱ्यावर जरा खाली असेल, तर फरक खरा नसतानाही दिसतो. त्याऐवजी सगळे टप्पे एकाच मॉडेलमध्ये घाला :

टप्पा + लिंग + टप्पा:लिंग

शेवटचं पद विचारतं, "नर-मादीतलं अंतर टप्प्यानुसार बदलतं का?" हे पद असलेलं आणि नसलेलं अशी दोन मॉडेलं ताडून बघितली की वाढीबरोबर उलगडत जाणारी जनुकं वेगळी निघतात. प्रौढांच्या जोडीच्या प्रश्नासाठी हेच पद "लिंग:जोडी" असं लिहायचं.

कागदावर तीन जनुकं मांडून बघू. आकडे समजण्यापुरते, मी बनवलेले.

पहिलं जनुक : सर्केरियात मादी ४०, नर ३८. प्रौढ जोडीत मादी ४०००, नर ४२. हे पक्वतेचं जनुक, इथे टप्पा:लिंग हे पद जोरात बोलेल.

दुसरं : प्रत्येक टप्प्यावर मादी २०, नर ४०. लिंगाचा फरक आहे, पण तो वाढीबरोबर हलत नाही. याची गोष्ट पुढे येते.

तिसरं : एकट्या नरात १०, जोडीतल्या नरात ९००, मादीत दोन्ही वेळा ५. "नर विरुद्ध मादी" एवढीच तुलना केली असती, तर हे नुसतं नराचं जनुक म्हणून यादीत मधेच कुठेतरी पडून राहिलं असतं. जोडीचा रकाना असल्यामुळेच ते वर येतं.

आणखी एक अगदी बारीक गोष्ट. आर ही भाषा गटांची नावं वर्णक्रमानं लावते आणि पहिल्याला आधार धरते. इंग्रजीत 'फीमेल' 'मेल'च्या आधी येतं, म्हणून तुम्ही काही सांगितलं नाही तर धन आकडा म्हणजे नरात जास्त. हे न बघितल्यामुळे संपूर्ण यादी उलटी वाचली गेल्याचं मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. आधारगट स्वतः ठरवा, आणि पी-१४ कोणत्या बाजूला आलं ते बघून खात्री करा.

सुमारे दहा हजार जनुकं एकाच वेळी तपासताना साध्या ०.०५ च्या उंबरठ्यावर काही फरक नसतानाही पाचशेच्या आसपास जनुकं "सापडतात". म्हणून नेहमी सुधारित पी-मूल्यच (इतक्या चाचण्या एकदम केल्याचा हिशेब धरलेलं) वापरा.

यादी वाचताना

तुमच्या यादीतली नराकडे झुकलेली जनुकं कोणत्या गुणसूत्रावर आहेत ते आधी बघा. नरात झेड दोन, मादीत एक. मॅन्सोनीत या असमतोलाची पूर्ण भरपाई होत नाही, हे व्हिकोसो आणि बाखट्रॉग यांनी २०११ साली दाखवलं. म्हणजे वरचं दुसरं जनुक, २० आणि ४० वालं, कदाचित कोणाच्याच नियंत्रणाखाली नसेल. नरात प्रती दुप्पट, म्हणून माल दुप्पट, इतकंच. गंमत अशी की सगळे जण वापरतात तो "दुपटीचा" उंबरठा नेमका इथेच पडतो, आणि झेडवरची जनुकं त्या रेषेच्या आसपास दाटीनं उभी असतात. माझा सल्ला : यादीला गुणसूत्राचा रकाना जोडा आणि झेडची जनुकं वेगळ्या रंगात दाखवा. झेडचा काही भाग डब्ल्यूवरही आहे. तिथल्या जनुकांच्या प्रती दोघांतही दोनच, म्हणून त्यांना या संशयातून वगळा.

दुसरा सापळा शरीराचा आहे. पक्व मादीच्या देहाचा मोठा भाग पीतकग्रंथींनी भरलेला असतो, एकट्या मादीत त्या जवळजवळ नसतात. तेव्हा एखादं जनुक "शंभरपट वाढलं" याचा अर्थ प्रत्येक पेशीत ते वाढलं असा नाही. ते चालवणाऱ्या पेशीच वाढल्या असतील. गावात शंभर नवी घरं झाली म्हणून वीज जास्त लागली, तर प्रत्येक घरानं दिवे वाढवले असं आपण म्हणत नाही. याचीच दुसरी बाजू : समजा पक्व मादीच्या दर हजार रीडमधले तीनशे कवचाच्या जनुकांनीच खाल्ले, तर बाकीच्या सगळ्यांना सातशेत भागवावं लागतं, आणि काही न बदललेली जनुकंही टीपीएममध्ये घटलेली दिसतात. मज्जातंतूंची जनुकं "मादीत कमी" आली की मला आधी हीच शंका येते. इथे अंडाशय आणि वृषणाचे वेगळे नमुने कामी येतात. २०२० साली प्रसिद्ध झालेला एकेका पेशीचा नकाशाही उघडा आणि जनुक कोणत्या पेशीत चालतं ते बघा.

संगणकाबाहेर

यादीतून पाच जनुकं निवडा, पन्नास नको. दोन ओळखीची, म्हणजे पद्धत बरोबर चालली ते कळेल, आणि तीन नवी. जमलं तर वेगळ्या कृमींवर क्यूपीसीआर (एकेका जनुकाचं प्रमाण मोजणारी चाचणी) करा. मग जनुक शरीरात कुठे चालतं ते रंगवून बघण्याची इन-सिटू पद्धत, आणि शेवटी आरएनएआय वापरून ते जनुक बंद केल्यावर काय होतं ते पाहणं. तुमच्याकडे कृमी नसतील तर ज्यांच्याकडे आहेत त्यांना लिहा. नीट भरलेला तक्ता जोडलेल्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता जास्त, हा माझा अनुभव. आणि या प्रत्येक डेटामागे उंदरांचे जीव गेलेले आहेत, तेव्हा आहे त्याच डेटामधून जेवढं मिळेल तेवढं काढणं हे आपलं कामच आहे.

या वाटेनं कुठवर जाता येतं, ते २०२२ साली टेक्ससमधल्या जेम्स कॉलिन्स यांच्या गटानं दाखवलं. जोडीतल्या आणि एकट्या नरांची तुलना करताना एक जनुक जोडीनंतरच नरात जागं होताना दिसलं, आपल्या कागदावरच्या तिसऱ्या जनुकासारखंच. ते लहान पेप्टाइड जोडणारं एक विकर बनवत होतं. रंगवून बघितलं तर ते नराच्या पोटाकडच्या चेतापेशींत होतं, म्हणजे मादी जिथे टेकलेली असते त्याच बाजूला. आरएनएआयनं ते जनुक बंद केल्यावर त्या नरांबरोबरच्या माद्या नीट वाढेनात. त्या विकरानं तयार होणारा रेणू निघाला बीटा-अलॅनिल-ट्रिप्टामाइन, आणि तो नुसता पोषक द्रवात घातला तेव्हा कधीही नर न भेटलेल्या माद्या वाढल्या आणि अंडी घालू लागल्या.